बत्तीस बटणांमागचा आवाज

यामाहा कंपनीचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर १९८३ साली बाजारात आला आणि पुढच्या काही वर्षांत दीड लाखांहून जास्त खपला. त्याआधीचा सर्वांत नावाजलेला सिंथेसायझर म्हणजे मिनीमूग. तो दहा-अकरा वर्षांच्या आयुष्यात जेमतेम बारा-तेरा हजारांवर पोचला होता. त्या दशकातल्या इंग्रजी प्रेमगीतांच्या मागे काचेसारखा स्वच्छ, किणकिणणारा जो इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतो, तो बहुतेक वेळा याच यंत्राचा. तरीही डीएक्स-७चं नाव निघालं की संगीताच्या इतिहासात एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते : दुरुस्तीला येणाऱ्या दर दहा यंत्रांपैकी नवांमध्ये कारखान्यानं भरून दिलेलेच आवाज जसेच्या तसे सापडायचे. म्हणजे नवे आवाज घडवण्याची अफाट ताकद लोकांच्या हाती दिली आणि लोकांनी तिला हातही लावला नाही. या गोष्टीवरून पुढे असा निष्कर्ष निघाला की वादकाला आवाज घडवण्यातली खोली नको असते, तयार आवाज हवा असतो. मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो. डीएक्स-७वर आवाज घडवणं अवघड होतं यात शंका नाही. पण त्या अवघडपणाचा मोठा वाटा यंत्राच्या गणितात नव्हता, त्याच्या दर्शनी पट्टीत होता. आणि ती पट्टी कशी असावी हे किमतीनं ठरवलं होतं. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे पुढची दहा-बारा वर्षं वाद्यं बनवणारे भलत्याच दिशेनं गेले.

आधीची परिस्थिती पाहिली तर हे नीट समजतं. १९७०च्या मिनीमूगमध्ये आवाजाची साठवण नव्हती. समोर फिरवायचे नॉब आणि खटके होते, आणि प्रत्येक नॉब एकच काम करायचा : हा मूळ लहर काढणाऱ्या ऑसिलेटरचा सूर ठरवतो, हा आवाजाची तीक्ष्णता कापणारा फिल्टर किती उघडायचा ते, हा आवाज किती वेळात विरेल ते. यंत्राकडे पाहिलं की या क्षणी ते काय वाजवणार हे डोळ्यांना दिसायचं. कान आणि हात यांच्यामध्ये तिसरं काही नव्हतं. पण मैफलीत दुसऱ्या गाण्यासाठी दुसरा आवाज हवा असेल तर सगळे नॉब हातानं फिरवून लावावे लागत. त्यासाठी वादक कागदावर नॉबांच्या जागा आखून ठेवत. १९७८मध्ये डेव्ह स्मिथ यांनी बनवलेल्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरनं ही अडचण सोडवली. त्यात मायक्रोप्रोसेसर होता, बटण दाबताच साठवलेला आवाज हजर व्हायचा. ही सोय क्रांतिकारक होती, यात वाद नाही. पण तिची एक किंमतही होती, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. साठवलेला आवाज बोलावला की समोरचे नॉब आधी होते तिथेच राहत आणि आवाज मात्र दुसराच असे. डोळ्यांनी दिसणारं यंत्र आणि कानांनी ऐकू येणारं यंत्र यांची फारकत इथे झाली, डीएक्स-७च्या पाच वर्षं आधी. त्याच यंत्राबरोबर आणखी एक गोष्ट रुळली : यंत्र विकताना त्यात कोणीतरी घडवलेले आवाज भरून द्यायचे. प्रॉफेटसाठी ते काम जॉन बोवेन यांनी केलं.

डीएक्स-७चं गणित मात्र वेगळ्याच घरातून आलं. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग हे संगीतकार संगणकावर आवाज बनवण्याचे प्रयोग करत होते. १९६७मध्ये ते एका साध्या सुराला कंप देत होते. कंप म्हणजे दुसऱ्या एका लहरीनं पहिल्या लहरीची वारंवारता खाली-वर करायची. गायक देतो तसा सेकंदाला पाच-सहा वेळा कंप दिला की तो कंप म्हणूनच ऐकू येतो. चाउनिंग तो वेग वाढवत गेले. एका टप्प्यानंतर कान कंप ऐकेनासा झाला आणि त्या जागी संपूर्ण नवा, भरगच्च नाद ऐकू येऊ लागला. दोन साध्या लहरी, एक बदलणारी आणि एक बदलली जाणारी, एवढ्यावर घंटा, पितळी वाद्य, लाकडी काठीचा टकटकाट असं सगळं उभं राहू लागलं. दोन्हींच्या वारंवारतेचं प्रमाण पूर्णांकात असेल तर सुरेल आवाज, नसेल तर घंटेसारखा धातूचा. बदलणाऱ्या लहरीचा जोर वाढवला की आवाज उजळतो, कमी केला की मऊ होतो. चाउनिंग यांचा यावरचा निबंध १९७३मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या ऑर्गन बनवणाऱ्या कंपन्यांना त्यात रस वाटला नाही. यामाहाचे तरुण अभियंते काझुकियो इशिमुरा यांना मात्र त्याचं मोल लगेच कळलं. यामाहानं हक्क घेतले, १९७७मध्ये पेटंट मंजूर झालं आणि ते पुढे स्टॅनफर्डला सर्वाधिक उत्पन्न देणाऱ्या पेटंटांपैकी एक ठरलं.

ही पद्धत घेऊन यामाहानं सुरुवातीला काढलेलं मोठं वाद्य म्हणजे जीएस-१. पियानोसारखं लाकडी, जड, आणि किंमत हजारो डॉलरची. त्यात वादकाला स्वतःचा आवाज घडवताच येत नव्हता. चुंबकीय पट्टीच्या कार्डावर कंपनीनं दिलेले आवाज भरायचे आणि वाजवायचे, इतकंच. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण डीएक्स-७ त्याच्या अगदी उलट निघाला. त्यात सगळंच उघडं होतं. सहा ऑपरेटर, म्हणजे सहा लहरी; त्यांनी एकमेकींना कसं जोडून घ्यायचं याच्या ३२ ठरलेल्या रचना; प्रत्येक ऑपरेटरला तो कसा चढतो नि विरतो याचा स्वतःचा आलेख, त्याचे चार वेग आणि चार पातळ्या; शिवाय कळपट्टीच्या कोणत्या भागात आवाज किती वाढावा, कळ जोरात दाबली तर किती बदलावा, हे वेगळं. आवाजाच्या नावाची दहा अक्षरं धरली तर एका आवाजामागे १५५ आकडे. हे सगळं १,९९५ डॉलरला, जेव्हा प्रॉफेट-५ची किंमत याच्या दुप्पट होती आणि त्यात एकावेळी पाचच सूर वाजत, तर इथे सोळा. यामाहानं यासाठीच्या चिप स्वतःच तयार केल्या म्हणून हे जमलं. पण चिपनं स्वस्त होतं ते गणित. नॉब स्वस्त होत नाही. प्रत्येक नॉबमागे धातूचा दांडा, त्याची वायर, पट्टीवरची जागा आणि जोडणाऱ्या कामगाराचा वेळ असतो. नाव वगळून उरलेल्या १४५ आकड्यांसाठी १४५ नॉब बसवले असते तर हे वाद्य दोन हजार डॉलरला कधीच विकता आलं नसतं. म्हणून यामाहानं पट्टीवर सपाट, दाबायची ३२ बटणं दिली, त्याच बटणांना आवाज निवडणं आणि आवाज घडवणं अशी दोन्ही कामं दिली, आणि आकडा बदलायला एकच स्लायडर ठेवला. समोर दोन ओळींची छोटी स्क्रीन, प्रत्येक ओळीत सोळा अक्षरं. एका वेळी एकच आकडा दिसायचा. उरलेले १४४ वादकानं डोक्यात ठेवायचे.

प्रत्यक्ष काम कसं चालायचं ते पाहण्यासाठी त्या प्रसिद्ध इलेक्ट्रिक पियानोचंच उदाहरण घेऊ. कारखान्याच्या आवाजांत तो ई-पियानो १ या नावानं होता. त्याची रचना पाचव्या क्रमांकाची, म्हणजे सहा ऑपरेटरच्या तीन जोड्या, प्रत्येक जोडीत एक आवाज देणारा आणि एक त्याला बदलणारा. या तीनपैकी दोन जोड्या पियानोचं मऊ, गोल अंग देतात. उरलेल्या एका जोडीत बदलणारा ऑपरेटर मूळ सुराच्या चौदापट वेगानं चालतो. तो क्षणभरच येतो आणि लगेच विरतो. इलेक्ट्रिक पियानोत हातोडी धातूच्या काडीवर आपटते तेव्हा जो टिंग असा आवाज येतो, तो हा. कळ हळू दाबली तर टिंग जवळजवळ नसतो, जोरात दाबली तर तो झगझगीत होतो. इथेच या यंत्राचं खरं आकर्षण आहे. मिनीमूगमध्ये कळ कशी दाबली यानं आवाजात काहीच फरक पडत नसे. इथे बोटाचा दाब थेट आवाजाच्या रंगात उतरत होता, आणि तो किती उतरावा हे घडवणारा सूक्ष्मपणे ठरवू शकत होता. खऱ्या पितळी वाद्यातही हेच होतं : फुंक जोरात घातली की आवाज नुसता मोठा होत नाही, उजळतो. चाउनिंग यांनी हे तत्त्व फ्रेंच संगीतकार झां-क्लोद रिसे यांच्या ट्रम्पेटवरील अभ्यासातून उचललं होतं. जुन्या सिंथेसायझरमध्ये हे साधायला फिल्टरचा आधार घ्यावा लागे. इथे आवाज आतूनच बदलत होता.

पण त्याच ऑपरेटरचा चौदा हा आकडा बदलून साडेचौदाजवळ नेला की पियानो नाहीसा होतो आणि चिनीमातीच्या भांड्यावर चमचा आपटल्यासारखं काहीतरी ऐकू येतं. जोराचा आकडा ० ते ९९ असा आहे, पण तो सरळ रेषेत वाढत नाही : साधारण आठ पायऱ्या वर गेलं की जोर दुप्पट होतो. म्हणून ४०वरून ४८ केलं तर कानाला फारसं कळत नाही आणि ८०वरून ८८ केलं तर आवाज कर्कश होतो. फिल्टरमध्ये उघडलं की उजळ, मिटलं की मंद, इतकं सरळ होतं. इथे एका लहरीचा आकडा बदलला की तिच्या खाली जोडलेल्या सगळ्यांचं वागणं बदलतं, आणि बदल कोणत्या दिशेनं होईल हे आधी सांगता येत नाही. हा अवघडपणा गणिताचा आहे, पट्टीचा नाही, हे मान्यच करायला हवं. माझं म्हणणं एवढंच की तो शिकता येण्याजोगा होता. जे यंत्राच्या आतल्या नात्यांचा अंदाज बांधायला शिकले त्यांना त्यात विलक्षण गोडी लागली, कारण चुकूनही असे आवाज हाती लागत जे जगातल्या कुठल्याच वाद्यातून निघाले नव्हते. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी हे यंत्र अनेक वर्षं जवळ केलं, ते याच कारणानं. शिकण्याच्या आड येत होता तो एकेक आकडा पाहण्याचा त्रास. दोन आकड्यांमधलं नातं समजायचं तर दोन्ही एकाच वेळी दिसावे लागतात.

मग साहजिकच एक नवा धंदा उभा राहिला. कारखान्याचे आवाज घडवणाऱ्यांमध्ये ब्रिटिश पियानोवादक डेव्ह ब्रिस्टो आणि अमेरिकी वादक गॅरी लॉयनबर्गर ही दोन नावं आघाडीवर आहेत. त्यांनी घडवलेले आवाज जगभरच्या स्टुडिओंत पोचले, पण तबकड्यांवर त्यांची नावं छापली गेली नाहीत. बाकीच्यांनी यंत्रात खोचायच्या कार्ट्रिजमध्ये आवाज भरून विकायला सुरुवात केली. मासिकांत आकड्यांचे तक्ते छापून येत आणि वाचक ते एकेक करून भरत. १९८६मध्ये चाउनिंग आणि ब्रिस्टो यांनी मिळून या पद्धतीवर संगीतकारांसाठी पुस्तकही लिहिलं. संगणकाच्या पडद्यावर सगळे आकडे एकदम दाखवणारी एडिटर प्रणाली मॅकिंटॉशसाठी आली. डीएक्स-७मध्ये मिडीची, म्हणजे वाद्य आणि संगणक यांना जोडणाऱ्या समान भाषेची, सोय असल्यामुळेच हे शक्य झालं. संपूर्ण आवाज तारेतून संगणकात आणि परत यंत्रात पाठवता येई. यंत्राच्या पट्टीनं जे लपवलं होतं ते दुसऱ्या पडद्यावर उघडं झालं.

इथे सर्वांत जोरकस आक्षेप येतो. एडिटर आले, पुस्तकं आली, तरी बहुतेक वादक तयार आवाजच वाजवत राहिले. मग दोष पट्टीचा कसा? आणि मुळात वादकानं आवाज घडवायलाच हवा असा हट्ट का? मिरजेचा सतारमेकर तंबोऱ्याची घोडी घासून जवारी लावतो आणि गवई गातो. गवयाला घोडी घासता येत नाही म्हणून कोणी त्याला कमी लेखत नाही. हा आक्षेप मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो, आणि त्याचा अर्धा भाग मी मान्य करतो. आवाज घडवणं आणि वाजवणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत आणि ती वेगळ्या माणसांकडे असू शकतात. पण तंबोऱ्याचं उदाहरण पुढे नेलं तर ते उलट बाजूनं साक्ष देतं. घोडी घासणं कारागिराचं, पण तारेखालचा सुताचा दोरा पुढे-मागे सरकवून जवारी खुलवणं हे गवई आणि तंबोरा छेडणारा शिष्य स्वतः करतात, मैफलीच्या आधी, स्वतःच्या आवाजाला साजेल असं. घडवलेल्या वाद्यात वादकाच्या हातात शेवटचा फेर राहतो. डीएक्स-७मध्ये तो शेवटचा फेर काढून घेतला गेला होता. वाजवता वाजवता आवाज थोडा उजळ करायचा तर कोणत्या ऑपरेटरचा कोणता आकडा, तो कोणत्या बटणामागे, हे आधी शोधावं लागे. बोटाच्या दाबानं रंग बदलत होता हे खरं, पण तो किती बदलावा याची कक्षा दुसऱ्या कोणीतरी दूरवर ठरवून ठेवलेली होती.

महाराष्ट्रात हे ओळखीचं वाटेल. लग्नसमारंभांतल्या ऑर्केस्ट्रात आणि गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजो पथकांत कीबोर्डवादक सनई, बासरी, सतार यांचे टोन विकत घेतात, एकमेकांना देतात, पेनड्राइव्हवर जपून ठेवतात. टोन घडवणारा आणि वाजवणारा इथेही वेगळे आहेत, आणि या धंद्यात काही गैर नाही. गाणं सुरू व्हायला दोन मिनिटं असताना कोणी १४५ आकड्यांत शिरणार नाही. तरी त्यातले कसलेले वादक आपापल्या कीबोर्डच्या नॉबांवर आणि पिच-बेंडच्या चाकावर सतत हात ठेवून असतात, मींड काढतात, सनईचा आवाज गाण्याप्रमाणे तीक्ष्ण करतात. म्हणजे खोलीची ओढ संपलेली नाही. ती जिथे हाताशी आहे तिथे वापरली जाते.

दुसरा आक्षेप पहिल्याच्या विरुद्ध टोकाचा आहे : पट्टी वाईट असूनही ज्यांना गरज होती ते शिकलेच, तेव्हा सबब कसली सांगता? याला पुरावाही आहे. सेगाच्या मेगा ड्राइव्ह खेळयंत्रात यामाहाचीच चिप होती, सहा स्वरमार्ग आणि प्रत्येकात चार ऑपरेटर. त्यासाठी संगीत करणारे युझो कोशिरो यांच्यासारखे संगीतकार पट्टीशिवाय, संगणकावर अक्षरं आणि आकडे टंकत आवाज घडवत होते. १९९१च्या स्ट्रीट्स ऑफ रेज या खेळाचं त्यांचं संगीत आजही ऐकलं जातं. पण या कामाचं स्वरूप पाहा. तिथे दुसरा पर्यायच नव्हता, वेळ होता, आणि सगळे आकडे एका पानावर एकाखाली एक दिसत होते. कोशिरो आणि त्यांच्यासारख्यांचं यश म्हणजे या गणिताच्या शिकण्याजोगेपणाचाच पुरावा आहे. व्यासपीठावरच्या वादकाला अशी शांतता मिळत नाही. त्याला हवा असतो तो हात पुढे केल्यावर लगेच सापडणारा नॉब.

वाद्यं बनवणाऱ्यांनी मात्र यातून वेगळाच धडा घेतला. १९८७मध्ये रोलँड कंपनीचा डी-५० हा सिंथेसायझर आला. त्यात खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रणाचे सुरुवातीचे तुकडे आणि बनवलेला आवाज यांचं मिश्रण होतं. त्याच्या पट्टीवरही आकडे मेनूंमध्येच दडलेले होते, आणि स्लायडरनं भरलेला प्रोग्रॅमर वेगळा विकत घ्यावा लागे. पुढच्याच वर्षी कोर्गचा एम-१ आला. त्यातले आवाज बहुतांश ध्वनिमुद्रित होते आणि फिल्टरला रेझोनन्स, म्हणजे कापण्याच्या जागेजवळचा नाद उठावदार करण्याची सोय, हीसुद्धा नव्हती. दोन्ही भरपूर खपले, एम-१ तर प्रचंड. त्याच्या पियानो आणि ऑर्गनच्या तयार आवाजांवर नृत्यसंगीताची एक शाखाच उभी राहिली. म्हणून लोकांना खोली नकोच होती असं म्हणता येतं का? मला वाटतं, लोकांना जे दिलं गेलं त्यातून त्यांनी उत्तम ते निवडलं, एवढंच यातून सिद्ध होतं. १९९५मध्ये स्वीडनच्या क्लाव्हिया कंपनीनं नॉर्ड लीड काढला, आत पूर्ण डिजिटल आणि बाहेर नॉबांनी भरलेला, आणि तो हातोहात खपला. नॉब परत मिळताच लोकांनी पुन्हा आवाज घडवायला सुरुवात केली. २०२०मध्ये कोर्गनं ऑप्सिक्स काढला तेव्हा तर सहाच ऑपरेटर, तेच गणित. पण प्रत्येक ऑपरेटरला स्वतःचा स्लायडर आणि नॉब, आणि कोण आवाज देतो नि कोण बदलतो हे दिव्याच्या रंगावरून दिसतं. हीच पद्धत तिथे अचानक समजण्याजोगी वाटू लागली. गणित चाळीस वर्षांत बदललं नव्हतं.

आणि त्या दहातल्या नऊच्या गोष्टीचं काय? ती खोटी असेलच असं नाही, पण तिच्यावर विसंबणं धोक्याचं आहे. डीएक्स-७च्या आत एक लिथियम बॅटरी पाटीवरच डाग देऊन बसवलेली असायची. वादकानं स्वतः घडवलेले ३२ आवाज तिच्याच जोरावर टिकून राहत. बॅटरी संपली की ते सगळे जात. कारखान्याचे आवाज मात्र सोबत आलेल्या कार्ट्रिजमध्ये कायमचे कोरलेले होते. ते पुन्हा भरले की यंत्र नव्यासारखं. तेव्हा दुरुस्तीच्या टेबलावर आलेलं यंत्र पाहून त्याचा मालक कधीच प्रोग्रॅमिंगला बसला नाही असं सांगणारा माणूस मुळात पुरावाच पुसला गेलेला असण्याची शक्यता विचारात घेत नाही. आणि बॅटरीबाहेर जे वाचलं ते वेगळंच सांगतं. लोकांनी फ्लॉपीवर, संगणकात उतरवून ठेवलेले या यंत्राचे हजारो आवाज आज डेक्स्डसारख्या मोफत प्रणालीत एकेक करून उघडून पाहता येतात. त्यांतले पुष्कळ अर्धवट आहेत, अनेक एकमेकांच्या नकला आहेत, काही तर एखाद्याच आकड्याच्या फरकानं वेगळे झालेले. पण प्रत्येक आवाज कोणीतरी बसून, एका स्लायडरनं किंवा संगणकाच्या पडद्यावर, एकेक आकडा बदलत घडवलेला आहे.